दाबाचें एक जुनें माप : कात्रजच्या उच्छ्वासापासून घरच्या कुकरापर्यंत

मोजण्याच्या निरनिराळ्या प्रकारांना आपल्या संस्कृत शास्त्रकारांनीं निरनिराळीं नांवें दिलीं आहेत. तराजूनें तोलून जें कळतें तें उन्मान. भांड्यानें भरून जें कळतें तें परिमाण. आणि हातानें किंवा दोरीनें लांबी घेऊन जें कळतें तें प्रमाण. या तिन्ही प्रकारांची संवय आपल्या घरांतील लहान मुलांनाहि असते. परंतु ज्या एका मापावर आज स्वयंपाकघरांतील कुकर, न्हाणीघरांतील गीझर, गॅसची शेगडी आणि मोटारीचीं चाकें हीं सर्व अवलंबून आहेत, तें या तिहींपैकीं कोणत्याच एका सदरांत बसत नाहीं. तें माप म्हणजे दाबाचें. दाब म्हणजे उन्मानाला प्रमाणाच्या वर्गानें भागून येणारी राशि. भार किती, एवढेंच विचारून येथें भागत नाहीं. तो भार किती जागेवर पडला आहे, हेंहि विचारावें लागतें. पायांत कांटा रुततो आणि पाट रुतत नाहीं, याचें कारण भारांत नसून जागेंत असतें.

दाब मोजण्याचीं मापें अनेक आहेत. त्यांपैकीं जें एक माप यंत्रशाळांत फार दिवस चाललें आणि कायद्यानें बाजूस सारल्यावरहि आपल्या देशांतून अद्याप गेलें नाहीं, त्याचा परिचय या लेखांत करून देण्याचें योजिलें आहे. एक चौरस सेंटिमीटर जागेवर एक किलोग्रॅम भार, असें तें माप आहे. पुस्तकांत त्यास टेक्निकल ॲटमॉस्फिअर म्हणजे ‘यांत्रिक वायुभार’ म्हणतात व ‘ॲट’ असें त्याचें संक्षिप्त रूप लिहितात. कारखान्यांतील कामगार मात्र नुसतें ‘केजी’ म्हणतो. बाष्पकाजवळ उभ्या असलेल्या मनुष्यास ‘दाब किती?’ असें विचारलें, तर ‘सात केजी’ असें उत्तर येतें; आणि तेथें सात किलो वजनाची कोणतीहि वस्तु नसते.

दहा मीटर उंच पाणी

या मापाचा मोठा गुण असा कीं, तें डोळ्यांनीं पाहतां येतें. अगदीं करंगळीच्या नखाएवढी, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागा कल्पावी. तिच्यावर तेवढ्याच जाडीची, दहा मीटर उंचीची एक नळी सरळ उभी केली आणि ती पाण्यानें भरली, तर तींत पाणी किती मावेल? दहा मीटर म्हणजे हजार सेंटिमीटर. तेव्हां हजार घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर. आणि एक लिटर पाण्याचें वजन एक किलोग्रॅम. अर्थात् त्या नखाएवढ्या जागेवर एक किलोग्रॅम भार पडला. हेंच तें आपलें माप. दहा मीटर पाणी म्हणजे एक केजी. वीस मीटर म्हणजे दोन. पांच मीटर म्हणजे अर्धा. कागद-पेन्सिलीचेंहि कारण नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो, पाण्याच्या सांठ्यावर नव्हे. गच्चीवरील टांकी हजार लिटरांची असो वा दहा हजार लिटरांची, ती खालच्या नळाच्या दहा मीटर वर असेल तर तोटीशीं दाब एकच केजी. वरच्या मजल्यावरील सून ‘पाणी धारेनें येत नाहीं’ म्हणते आणि तळमजल्यावरील सासूबाईंची बादली दोन मिनिटांत भरते, यांत महानगरपालिकेचा दोष नसून टांकीपासूनच्या उंचीचा फरक असतो. टांकी मोठी करून हा तंटा मिटत नाहीं. ती उंच करावी लागते.

कात्रजचा नळ

उंचीचा आणि दाबाचा हा संबंध पुण्याच्या माणसास शिकवावयाचा, तर त्याला परदेशच्या प्रयोगशाळेंत नेण्याची आवश्यकता नाहीं. कात्रजपर्यंत नेलें म्हणजे पुरे. अठराव्या शतकाच्या मध्यास, १७५० च्या सुमारास, बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या डोंगराखालीं ओढ्यावर दोन बंधारे घालून तलाव करण्यांत आले आणि तेथून भूमिगत दगडी नळानें पाणी शनिवारवाड्यापर्यंत व शहरांतील हौदांपर्यंत आणण्यांत आलें. शनिवारवाडा १७३२ मध्यें राहावयास तयार झाला होता व त्याच्या भोंवतीं शहर झपाट्यानें वाढत होतें. पाणी चढवावयास यंत्र नव्हतें, लोखंडी नळ नव्हते, दाब मोजावयास घड्याळहि नव्हतें. होता तो एकच आधार : कात्रज उंच आणि पुणें सखल.

परंतु उंचीचा हा आधार दुधारी असतो. समजा, तलावापासून शहरापर्यंत एक बंद व पाण्यानें कांठोकांठ भरलेला नळ आहे, आणि त्यांतील एखादी जागा तलावाच्या पातळीपेक्षां तीस मीटर खालीं आहे. आपल्या मापानें तेथें पाण्याचा दाब तीन केजी झाला. तीन हा आंकडा लहान वाटतो. पण एक चौरस मीटरांत दहा हजार चौरस सेंटिमीटर असतात. म्हणजे नळाच्या भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरावर आंतून तीस हजार किलोग्रॅमांचा, तीस टनांचा रेटा! दगड-चुन्याचें बांधकाम वरून येणारा भार शतकानुशतकें सोसतें. पण आंतून फाकविणाऱ्या ओढीपुढें तें टिकत नाहीं. असा नळ पहिल्याच पावसाळ्यांत जागोजाग उकलला असता.

पेशव्यांच्या कारागिरांनीं यावर योजिलेला उपाय आजहि नांवाजण्यासारखा आहे. त्यांनीं नळ कांठोकांठ भरूं दिला नाहीं. तो रुंद व उंच बांधून त्याला बेताचा उतार दिला. पाणी त्याच्या तळाशीं वाहत राहिलें व वरची जागा हवेला मोकळी राहिली. आणि या मार्गावर अंतराअंतरानें उच्छ्वास बांधले. जमिनीखालच्या नळापासून वर निघालेले, हवेकडे उघडे असलेले, चुनेगच्ची बांधकामाचे हे मनोरे होत. उत् म्हणजे वर आणि श्वास म्हणजे श्वास; नळानें वर श्वास सोडण्याची ती जागा. इतका अन्वर्थक शब्द आमच्या यंत्रशास्त्राच्या परिभाषेंत क्वचितच सांपडेल. पाण्याबरोबर ओढली गेलेली हवा एखाद्या उंचवट्याशीं कोंडली कीं ती बुचासारखी बसते व प्रवाह अडवते. उच्छ्वासांतून ती बाहेर पडे. तसेंच, पाणी कोठें तुंबलें तर दाब वाढून भिंत फाटण्याऐवजीं तें उच्छ्वासांत वर चढे. शिवाय उच्छ्वासाच्या तळाशीं गाळ बसे, आणि तेथून माणसास उतरून तो काढतां येई. हवा सोडणें, दाब सोडणें आणि गाळ सोडणें, अशीं तीन कामें एका मनोऱ्यानें साधलीं.

दाबाचें नांव आणि माप ठाऊक नसतां दाबाचा बंदोबस्त कसा करावा, याचा हा धडा आहे. जेथें दाब हवा होता, तेथें त्यांनीं तो ठेवलाहि. शनिवारवाड्यांतील हजारी कारंजें उघड्या पाटाच्या पाण्यावर उडणें शक्य नव्हतें. कारंजाची धार तीन मीटर उडवावयाची, तर तिच्या मुळाशीं किमान तीन दशांश केजी दाब असावा लागतो. म्हणजे तोटीच्या वर निदान तीन मीटर उंचीवर पाणी सांठवून तें बंद नळानें आणावें लागतें. नळांतील घर्षणानें जें जातें तें निराळेंच.

कात्रजहून खोपोलीस

नानासाहेबांच्या कारागिरांनीं जो दाब टाळला, तोच दाब पुढें दीडशें-पावणेदोनशें वर्षांनीं याच सह्याद्रींत मुद्दाम साधण्यांत आला. लोणावळें, वळवण आणि शिरवतें येथील तलावांचें पाणी पोलादी नळांतून घाटाखालीं सोडून टाटांचें खोपोलीचें विद्युद्गृह १९१५ मध्यें सुरू झालें. तेथें पाणी पांचशें मीटरांहून अधिक खालीं येतें. आपला नियम लावला तर नळाच्या पायथ्याशीं दाब पन्नास केजींहून अधिक; प्रत्येक चौरस मीटरास पांचशें टनांच्या वर. या दाबानें सुटणारी धार चक्राच्या वाट्यांवर आदळते आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालूं लागल्या. एकच डोंगर, एकच पाऊस. एके ठिकाणीं दाब सोडून देऊन लोकांची तहान भागविली, दुसऱ्या ठिकाणीं दाब कोंडून यंत्रें फिरविलीं. मध्यें फरक पडला तो पोलादाचा आणि मापाचा.

हवेचें ओझें

या मापाच्या नांवांत ‘वायुभार’ कां आला, हें आतां पाहूं. आपल्या डोक्यावरील हवेसहि वजन आहे, ही गोष्ट युरोपांत विहिरींच्या पंपांवरून उघडकीस आली. ओढून घेणारा पंप कितीहि चांगला केला तरी सुमारें दहा मीटरांहून अधिक खोल पाणी वर येत नाहीं, असा अनुभव होता. इटलींतील टॉरिचेली यानें १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजीं पारा घेऊन दाखविलें कीं, पाणी पंप ओढीत नसून बाहेरची हवा तें वर लोटीत असते, आणि तिचा जोर सुमारें ७६० मिलिमीटर पाऱ्याइतकाच आहे. पास्काल याच्या सांगण्यावरून १६४८ मध्यें फ्रान्समधील एका डोंगरावर पारा नेऊन पाहिला, तों उंचीवर तो उतरलेला आढळला.

आपल्याकडील मोट या भानगडींत कधींच पडली नाहीं. ती पाणी ओढीत नाहीं, उचलते. म्हणून वीस मीटर खोल विहिरीवरहि ती चाले. पुढें मोटेच्या जागीं पंप आले तेव्हां विहिरीच्या आंत, पाण्याजवळ कट्टा बांधून पंप खालीं बसवावा लागला, याचें कारण हेंच. पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठापेक्षां कमी असल्यामुळें हा ओढीचा पल्ला केवळ हिशेबानेंहि पावणेदहा मीटरांच्या आंतच राहतो. प्रत्यक्षांत सहा-सात मीटर गांठले तरी पुष्कळ.

समुद्रसपाटीवरील हवेचा सर्वमान्य दाब ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे आपल्या मापानें १.०३३ केजी. यंत्रशास्त्रज्ञांनीं हिशेबाच्या सोयीसाठीं तो ३३ सहस्रांशांचा शेपूट कापला आणि नुसता ‘एक’ ठेवला. म्हणून यांत्रिक वायुभार हा खऱ्या वायुभारापेक्षां किंचित् हलका, ७३५.६ मिलिमीटर पाऱ्याइतका आहे. मौज अशी कीं, हाहि दाब निसर्गांत सांपडतो : समुद्रसपाटीपासून सुमारें २७५ मीटर उंचीवर. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढतांना घाटाच्या जवळजवळ मध्यावर आपण बरोबर एका यांत्रिक वायुभाराखालीं असतों. पुण्यास, सुमारें ५६० मीटर उंचीवर, तो ०.९७ च्या जवळ उतरतो.

शून्य कोठून धरावयाचें ?

या मापाच्या व्यवहारांत खरा धोका आहे तो शून्यासंबंधीं. फुगा फुटला, चाक पंक्चर झालें म्हणजे आपण म्हणतों ‘हवा गेली’; पण त्याच्या आंत भोंवतालची एक वायुभार हवा शिल्लक असतेच. दाबाचें घड्याळ तेथें शून्य दाखवितें, कारण तें भोंवतालच्या हवेहून अधिक किती, एवढेंच सांगतें. हा झाला वरकड दाब. निर्वातापासून मोजला तर तो संपूर्ण दाब. आणि दोहोंत सुमारें एकाचें अंतर. जर्मन यंत्रकार यासाठीं ‘आटा’ आणि ‘आट्यू’ अशीं दोन वेगळीं चिन्हें लिहीत. पहिलें संपूर्ण दाबाचें, दुसरें वरकड दाबाचें. आमच्या घड्याळांवर पुष्कळदां हा भेद लिहिलेलाच नसतो.

भेद लिहिला नाहीं म्हणून तो नाहींसा होत नाहीं, हें कुकरावरून दिसेल. घरगुती कुकराचा नेहमींचा दाब एक केजी, म्हणजे जुन्या इंग्रजी मापानें चौरस इंचास सुमारें चौदा ते पंधरा पौंड, असतो. हा वरकड दाब आहे. आंतील संपूर्ण दाब मुंबईस २.०३ व पुण्यास १.९७ होतो. म्हणून मुंबईच्या कुकरांत पाणी सुमारें १२० अंशांवर उकळतें, पुण्याच्या कुकरांत ११९ वर. आणि उघड्या पातेल्यांत पुण्यास तें ९८ अंशांवरच उकळून जातें. डाळ पातेल्यांत शिजावयास वेळ लागतो व कुकरांत लागत नाहीं, याचें रहस्य या वीस-एकवीस अंशांत आहे.

आतां याच कुकराचा दुसरा हिशेब प्रत्येक गृहिणीनें एकदां तरी करून पाहावा. झांकणाचा व्यास वीस सेंटिमीटर धरिला, तर त्याचें क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर एक किलोग्रॅम. म्हणजे झांकणाला आंतून वर लोटणारा जोर ३१४ किलोग्रॅम! चार धट्टेकट्टे पुरुष झांकणावर बसले तरी त्यांस उचलील एवढा हा जोर. वाफ पुरती निवण्यापूर्वीं झांकण जबरीनें उघडणारा मनुष्य या जोराशीं झोंबत असतो. ‘एक केजी’ हा शब्द ऐकून जो गाफील राहिला, तो भार ऐकतो पण जागा विसरतो.

आणि हा सर्व जोर आवरून धरणारें शिटीचें वजन केवढें? वाफेचें छिद्र तीन मिलिमीटर व्यासाचें असेल, तर त्याचें क्षेत्रफळ सात शतांश चौरस सेंटिमीटर, आणि एक केजी दाबास तोलावयास सुमारें ७१ ग्रॅम पुरतात. दाब यापेक्षां वाढला कीं शिटी उचलली जाते, वाफ निसटते, शिटी पुन्हा बसते. हा कुकराचा उच्छ्वास होय. कात्रजच्या उच्छ्वासांतला गाळ वेळोवेळीं काढावा लागे, तसेंच डाळीच्या सालीनें हें बारीक छिद्र बुजलें नाहीं ना, हें रोज उजेडाकडे धरून पाहिलें पाहिजे. छिद्र बुजल्यावर भिस्त राहते ती एकट्या सुरक्षा-झडपेवर. म्हणून तीहि निर्मात्याची अस्सलच असावी. शिटी जड करण्याचा किंवा तिच्यावर कांहीं ठेवण्याचा शहाणपणा कोणीं करूं नये.

घरांतील कांहीं दाब

हें माप एकदां अंगवळणी पडलें म्हणजे घरांतील कितीतरी गोष्टी एका रांगेंत उभ्या करतां येतात. गॅसच्या टांकींत कित्येक केजी दाब असतो व तो ऊन्हाबरोबर वाढतो. पण रेग्युलेटरमधून शेगडीकडे येणारा गॅस एका चौरस सेंटिमीटरास अवघा ३० ग्रॅम, म्हणजे दीड वितीच्या पाण्याइतका दाब घेऊन येतो. मधला तो रेग्युलेटर केवढें काम करतो, हें यावरून कळेल. वैद्य ज्यास १२० म्हणतात तो रक्ताचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत असतो. पाण्यांत सांगावयाचा तर १६३ सेंटिमीटर, जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा. मोटारीच्या चाकांत भरणारा ‘तीसची हवा’ म्हणतो, तेव्हां तो पौंड बोलत असतो. तेच सुमारें २.१ केजी. एक केजी म्हणजे १४.२ पौंड, हें एक वाक्य पाठ असलें म्हणजे दोन्ही भाषा समजतात.

निवृत्त झालेलें माप

असें सोयीचें माप बाजूस कां सारलें? त्याचें कारण त्याच्या पोटांतच आहे. किलोग्रॅम हें वस्तूंतील द्रव्याचें माप. भार हा पृथ्वीच्या ओढीचा. ती ओढ सर्वत्र सारखी नसते. म्हणून १९०१ मध्यें आंतरराष्ट्रीय परिषदेनें ओढीची एक ठराविक संख्या, ९.८०६६५, कागदावर कायम केली. पुण्यास खरी ओढ याहून हजारांत दोन-अडीच भागांनीं कमी भरते. व्यवहारांत हा फरक कोणास जाणवणार नाहीं. पण एकाच शब्दानें द्रव्य आणि भार दोन्ही सांगणारें माप शास्त्रास पसंत पडण्यासारखें नव्हतें. १९६० मध्यें नवी आंतरराष्ट्रीय पद्धति ठरली, १९७१ मध्यें तींतील दाबाच्या मापास पास्कालचें नांव मिळालें, जर्मनींत १९७७ च्या अखेरीस यांत्रिक वायुभाराचा अधिकृत वापर संपला, आणि आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानें नवी पद्धति स्वीकारली. एक केजी म्हणजे ९८,०६६.५ पास्काल, किंवा ०.९८ बार.

तरीहि आपल्या कारखान्यांतून हें माप गेलें नाहीं, यांत नवल नाहीं. १९५६ च्या कायद्यानें शेर-मण आणि पौंड जाऊन दशमान पद्धति आली, तेव्हां यंत्रशाळांत चालू असलेलें दशमान दाबमाप हेंच होतें. पौंड सोडून ज्या पिढीनें पहिल्यानें हें शिकलें, तिनें तें पुढच्या पिढीस दिलें. सरकारी दप्तरांतून निवृत्त झालेला गृहस्थ घरांतील भाजी, वीजबिल आणि नातवंडांची शिकवणी यांतून सुटत नाहीं, तशीच याची स्थिति आहे. बार आणि केजी यांत शंभरांत दोनाचाच फरक, म्हणून कामगार त्यांची सरमिसळ करतात व बहुधा निभावतेंहि. पण केजीच्या जागीं पौंड वाचला, किंवा वरकड दाबास संपूर्ण समजलें, तर निभावत नाहीं. तेथें नळ आणि माणसें दोन्ही जातात. म्हणून कोणत्याहि दाबाच्या आंकड्याला तीन प्रश्न विचारावे : माप कोणतें, शून्य कोठलें, आणि जागा किती?

हीं तीन उत्तरें मुलांना पुस्तकांतून पाठ करून देण्यापेक्षां प्रत्यक्ष दाखवावीं. कात्रजच्या नळाच्या मार्गावर कांहीं उच्छ्वास वस्तीच्या गर्दींत अजून उभे आहेत. कोणी त्यांना जुनी धुराडीं समजतात, कोणी पडक्या समाध्या. रस्ता रुंद करतांना असा एखादा मनोरा आड आला तर त्याची किंमत सांगणारें शेजारींपाजारीं कोणी नसतें. शाळांनीं आपलीं मुलें तेथें नेऊन, खालून पाणी जात असे तें कोठून आलें, कोठें गेलें आणि मध्येंच हा मनोरा कशासाठीं, हें त्यांना विचारावें. ज्या मुलानें याचें उत्तर आपल्या बुद्धीनें शोधलें, त्याला पास्काल, बार आणि केजी यांपैकीं कोणतेंहि माप पुढें अवघड जाणार नाहीं.